डावखुऱ्या बाईचा फोटो

"मॅडम, तुमनाजोडे हायपो शे का?"

नंदुरबारच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायला रुजू होऊन मला जेमतेम आठवडा झाला होता. प्रयोगशाळेच्या दारात पांढरा लेंगा, पांढरा सदरा आणि गळ्यात जुना कॅमेरा अशा थाटात सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ उभे होते. हायपो म्हणजे सोडियम थायोसल्फेट. ते प्रत्येक प्रयोगशाळेत असतं. पण शेजारणीकडे वाटीभर साखर मागावी तसं ते रस्त्यावरून येऊन कुणी मागत नाही. मी विचारलं, "कशाला हवंय?"

"फोटू धवाले," ते म्हणाले. माझ्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही म्हणून मग शाळेतल्या मराठीत त्यांनी पुन्हा सांगितलं, "फोटो धुण्यासाठी. तुमचे वडील मास्तर होते का?"

होते. मी चकित झाले. यांना कसं कळलं म्हणून विचारलं, तर माझ्या हाताकडे बोट दाखवून म्हणाले, "पेन खाली ठेवल्याबिगर तुम्ही बोलत नाही. मास्तरांच्या घरातलं वळण आहे ते."

हे आबा. खरं नाव मला पुढे कळलं, पण ते सगळं गाव विसरलं होतं, तेव्हा मीही विसरते. रेल्वे स्टेशनवर तिकीट खिडकीच्या मागे त्यांची सगळी नोकरी गेली. त्या खिडकीला खाली हात जाईल एवढीच फट होती. समोरच्या माणसाचा चेहरा बघायचा तर वाकावं लागे, आणि आबा वाकणाऱ्यातले नव्हते. त्यामुळे तीसपस्तीस वर्षं त्यांनी माणसांचे नुसते हात पाहिले. मिरची तोडणारीचे हात, सोनाराचे हात, पहिल्यांदा सुरतेला निघालेल्या पोराचे हात. "तोंड खोटं बोलस. हात बोलत नई," हे त्यांचं आवडतं वाक्य. त्याच वाक्याने त्यांचा एकदा पुरता घात केला, ती गोष्ट मला सांगायची आहे.

प्रयोगशाळेतलं रसायन बाहेर देता येत नाही म्हणून मी माझ्या नावावर हायपोचा एक डबा मागवून दिला. बदल्यात आबांनी मला रविवारचं निमंत्रण दिलं. "फोटू वाचाले या," म्हणाले. बघायला नव्हे, वाचायला. मला वाटलं, म्हातारपणी जीभ घसरली असेल.

जीभ घसरली नव्हती. आबांच्या ओट्यावर दर रविवारी सकाळी फोटोवाचन चाले. मी गेले तेव्हा तिथे चारपाच जण सतरंजीवर बसले होते. त्यांत रीळ भरायच्या जुन्या कॅमेऱ्याचं नव्याने वेड लागलेले दोन तरुण होते, एक औषधवाले होते आणि आबांची बायको होती. तिला सगळे काकू म्हणत. दारात पत्र्याचा तांदळाचा डबा ठेवलेला असे. मोबाइल त्यात टाकायचा, हात धुवायचे आणि मग बसायचं. एकाने एक फोटो आणायचा, तोही कागदावरचा. कडेला धरून तो हातोहात फिरवायचा. ज्याने काढला त्याने तोंड मिटून बसायचं, बाकीच्यांनी काय दिसतं ते सांगायचं. आणि "छान" हा शब्द उच्चारायचा नाही.

मी पहिल्याच दिवशी उच्चारला. एका तरुणाने तापीवरच्या पुलाचा फोटो आणला होता. माझ्या हातात आल्यावर मी आपलं सहज, कुणीही म्हणेल तसं, "छान आहे," म्हटलं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. काकूंचा चेहरा मात्र उजळला.

"चला," त्या उठून म्हणाल्या, "चहाचं पातेलं डाव्या हाताला आहे."

जो छान म्हणेल त्याने सगळ्यांचा चहा करायचा, असा नियम होता. काकूंना रविवारी चहा करावा लागू नये म्हणून तो केला होता, असं औषधवाले म्हणत. आबांचं म्हणणं वेगळं होतं. "छान म्हनं का मानूस देखानं बंद करी देस," ते म्हणत. मी त्या पहिल्या महिन्यात तीन वेळा चहा केला. चौथ्या रविवारपासून मला फोटोत गोष्टी दिसायला लागल्या, हे मात्र कबूल करते. पुलाच्या त्याच फोटोत एक माणूस सायकल हातात धरून चालला होता आणि सायकलच्या दोन्ही चाकांत हवा होती. मग तो बसत का नव्हता? यावर आम्ही अर्धा तास वाद घातला. औषधवाले म्हणाले, ब्रेक नसेल. काकू म्हणाल्या, नवी घेतली असेल, अजून शिकला नसेल. मला असली सकाळ पूर्वी कधी मिळाली नव्हती.

मिरचीच्या हंगामात गावाबाहेरच्या पथाऱ्यांवर मिरची लालभडक वाळत पडे आणि वारा फिरला की ओट्यावर सगळ्यांना ठसका लागे. तेव्हा एक जादा नियम लागू होई. शिंक येणाऱ्याने आधी फोटो शेजाऱ्याला द्यायचा, मग शिंकायचं. शेजाऱ्यालाही शिंक आली तर काय, हा प्रश्न मी विचारला. आबांनी त्यावर पूर्ण आठवडा विचार करून पुढच्या रविवारी उत्तर दिलं, "फोटू काकूले देवा. तिले मिरची लागत नई."

स्वतः आबा वर्षाला एकच रीळ वापरत. छत्तीस फोटो. न्हाणीघराच्या खिडकीला गोधडी लावून ते स्वतः रीळ धूत, स्वतः प्रिंट काढत. प्रत्येक फोटोच्या दोन प्रती. एक ज्याचा फोटो त्याला हातोहात नेऊन द्यायची, दुसरी घरच्या पेटीत ठेवायची. "फोटो काढनं म्हनजे काय?" ते नव्या माणसाला विचारत आणि उत्तराची वाट न बघता सांगत, "काटा काढतस, पानी काढतस, फोटू काढतस. काढेल चीज कोनाना तरी हातमा पडाले पाहिजे का नको?" मोबाइलवर फोटो पुढे करणाऱ्याला ते म्हणत, "हाई दाखाडनं व्हयनं, देनं नई."

पेटीत प्रत्येक प्रिंट एकेकटी होती, कारण तिची जोडीदारीण कुणाच्या तरी भिंतीवर, देव्हाऱ्यात किंवा गादीखाली गेलेली असे. एकाच पाकिटात मात्र दोन्ही प्रती अजून एकत्र होत्या. ते पाकीट पेटीत नसे, आबांच्या खांद्यावरच्या कापडी पिशवीत असे. आबा बाजारात गेले की ते पाकीट बाजारात जाई, दवाखान्यात गेले की दवाखान्यात.

त्यातला फोटो मला साताठ रविवार झाल्यावर वाचायला मिळाला. सारंगखेड्याची जत्रा. मागे एक घोडा आणि तो बघणारे तीन पुरुष, थोडे धूसर. पुढे विशीतली एक बाई. डोक्यावर पदर, कडेवर सहासात महिन्यांचं मूल, मोकळ्या हातात कागदी भिरभिरं. बाई कॅमेऱ्याकडे अशी बघत होती की आपण काहीतरी कबूल केलंय आणि विसरलोय असं वाटावं. वाटणं बरोबरच होतं.

आबा तेव्हा तिशीत होते. ते घोड्यांचे फोटो काढत होते. ही बाई समोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, मन्हा काढ. त्यांनी काढला. मग तिने विचारलं, "देशी ना? काढतस बठ्ठा, देत कोनी नई."

फोटो आणून देणारच, अशी आबांनी शपथ घेतली. तिचं नाव आणि गाव रिळाच्या खोक्यावर लिहून घेतलं. ते खोकं घरी आलं आणि दुसऱ्या दिवशी गेलं, आणि नाव-गाव आबांच्या ध्यानात राहिलं नव्हतं. कसं गेलं हे आबा कधी सांगत नसत. काकू सांगत. "मी फेकलं," त्या म्हणत, "रिकामं खोकं होतं, मी चुलीत घातलं." एवढं बोलून त्या आत जात. चाळीसहून जास्त वर्षं झाली तरी हे सांगताना त्यांचा आवाज खाली येई.

तिथून पुढे आबा घोडेबिडे विसरले. माणसांचे फोटो काढायचे आणि नेऊन द्यायचे, हे वेड त्या दिवसापासूनचं. हजारभर माणसांना दिले असतील. एक राहिली.

मी आले तेव्हा या गोष्टीला घाई लागली होती. साखरेमुळे आबांचा डावा डोळा गेलाच होता आणि उजव्याबद्दल डॉक्टरांनी वर्षाची बोली केली होती. आबा त्याबद्दल एकदाच बोलले. "मॅडम, आंधळा मानूसले फोटू देता येस," ते म्हणाले, "पन मले तिनं तोंड देखानं शे, फोटू हातमा लेतांना." त्यांच्याकडे मागायला दुसरं काहीच नव्हतं. नातवंडं, घर, प्रकृती, कशाबद्दल तक्रार नाही. हा एक फोटो तेवढा त्या बाईच्या हातात पडायला हवा होता.

आता शोधायचं कसं? तर वाचून. आणि वाचन आबांचं पक्कं होतं. बाईने मूल उजव्या कडेवर घेतलं होतं आणि भिरभिरं डाव्या हातात धरलं होतं. आमच्यातली एकूण एक बाई मूल डाव्या कडेवर घेते, उजवा हात कामाला मोकळा ठेवते. "मंग हाई बाई डावखुरी शे," आबांनी निकाल दिला होता, "हात खोटं बोलत नई." पदराचा काठ डाव्या खांद्यावर दिसत होता. मूल छातीशी असल्यामुळे त्यापुढे पदर कुठे जातो ते दिसत नव्हतं, पण डावा खांदा म्हणजे आपला मराठी पदर. बोलली होती आहिराणी. तेव्हा पाटलांच्या गावातली डावखुरी सून, असा शोध वर्षानुवर्षं चालला होता.

एका सुट्टीला मी माझ्या स्कूटरवर आबांना घेऊन गेले. कोणतं गाव ते सांगत नाही, कारण तिथे माझं तोंड दाखवायची सोय राहिली नाही. पारावरच्या लोकांना आबांनी विचारलं, "गावमा कोनी डावखुरी बाई शे का? साठीनी?"

लोक एकमेकांकडे बघायला लागले. एक सून पुढे आली. "काबर? योजना शे का काही?"

आबा म्हणाले, "नई, फोटू देवाना शे." पण पहिला शब्द हवेत सुटला होता. पुढल्या महिन्यात आम्ही गेलो तर पारावर अकरा जण आधारकार्डाची झेरॉक्स घेऊन बसले होते. सगळे डावखुरे. त्यातले चौघे उजव्या हाताने तंबाखू मळत होते. एक आजी मात्र खरीच डावखुरी होती. आबांनी फोटो तिच्यासमोर धरला. तिने बराच वेळ बघितला आणि मान हलवली. "मी नई," म्हणाली. मग म्हणाली, "पन चांगला शे. ऱ्हाऊ दे का मन्हाजोडे?"



मी एक आगाऊपणाही केला. आबांना न विचारता त्या फोटोचा मोबाइलवर फोटो काढला आणि आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, या डावखुऱ्या बाईंना कुणी ओळखतं का? तीस जणांनी उत्तर दिलं. तिसांच्या तिसांनी "छान फोटो" म्हटलं. मी हे आबांना सांगितलं तेव्हा ते रागावले नाहीत. काकूंना म्हणाले, "तीसजन चहा कराले ई ऱ्हायनात, पातेलं मोठं काढ."

मग एका रविवारी औषधवाले शिंपी चाचांना घेऊन आले. चाचांचं दुकान मशिदीजवळच्या गल्लीत. आयुष्यभर पुरुषांचे शर्ट शिवले. त्यांना फोटोंत रस नव्हता; औषधवाल्यांच्या मुलाच्या लग्नाच्या कपड्यांची मापं घ्यायला निघाले होते, वाटेत ओट्यावर टेकले. रिवाजाप्रमाणे नव्या माणसाच्या हातात शेवटी ते पाकिटातलं चित्र आलं. चाचांनी चष्मा कपाळावर सरकवून फोटो नाकाशी नेला. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. बाईबद्दल काय म्हणतात?

चाचा बाईकडे बघतच नव्हते. "आबा, बुरा मत मानो," ते म्हणाले, "ये तीनों आदमी जनानी शर्ट पहनके मेले में आये क्या?"

"काय?"

"ये देखो. जेब सीधे हाथ की तरफ. तीनों का. मर्दाना शर्ट का जेब दिल की तरफ रहता. एक दर्जी गलती करेगा, तीन दर्जी एकही गलती करेंगे?"

मी फोटो हिसकावूनच घेतला. भिंग लावलं. घोड्याजवळच्या तिघांचेही खिसे उजव्या बाजूला होते. त्यांतल्या एकाने घड्याळही उजव्या हातात घातलं होतं. ते आम्हाला ठाऊक होतं. आबा त्याला "शौकीन" म्हणत आणि पुढे जात. इतकी वर्षं, इतके रविवार, सायकलच्या चाकातली हवा मोजणाऱ्या आम्ही शहाण्यांनी त्या तिघांचे खिसे पाहिले नव्हते.

आबा उठले. आतून बटरपेपरमध्ये गुंडाळलेली निगेटिव्ह आणली आणि माझ्या हातात दिली. त्यांना ती दिसणार नव्हती. फिल्मला एक बाजू चमकदार असते, एक मट्ट. प्रिंट काढताना मट्ट बाजू कागदाकडे करायची, हा पहिला धडा. तो मला आबांनीच शिकवला होता. मी चमकदार बाजू माझ्याकडे करून उजेडात धरली. कडेचा आकडा सरळ वाचता आला. बावीस. आणि बाईचं मूल डाव्या कडेवर होतं, भिरभिरं उजव्या हातात, पदराचा काठ उजव्या खांद्यावर.

पहिल्याच दिवशी, बहुधा खोकं हरवल्याच्या तिरीमिरीत, आबांनी निगेटिव्ह उलटी घातली होती. दोन्ही प्रती एकदमच काढल्या आणि निगेटिव्ह गुंडाळून ठेवली, ती परत उघडली नाही. बाई डावखुरी नव्हती. आणि उजव्या खांद्यावरचा पदर म्हणजे पाटलांच्या गावातली नव्हे, तापीकाठच्या गुजरांच्या घरातली.

"मॅडम," आबा म्हणाले, "मी उलटी बाई धुंडी ऱ्हायंतू."

कुणी हसलं नाही. चाचा बिचारे ओशाळले आणि टेप गळ्यात टाकून निघून गेले.

पुढचे दोन रविवार ओट्यावर सतरंजी पडली नाही. काकूंनी मला निरोप पाठवला, तुम्ही येऊन सांगून बघा. मी गेले. आबा आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडले होते. म्हणाले, "लोकंसले वाचाले शिकाडं आनि मीच पानं उलटं धरी बसनू." मला त्यांची फार दया आली आणि तेवढाच रागही आला. मी म्हटलं, "आबा, रुसायला तुमच्याकडे डोळ्याचे किती महिने उरलेत?" असं बोलायला नको होतं. पण ते उठून बसले.

त्या दुपारी न्हाणीघराला गोधडी लावली. लाल दिव्यात आबांना काहीच दिसत नव्हतं, त्यामुळे ते सांगत होते आणि मी करत होते. मट्ट बाजू कागदाकडे, हे त्यांनी तीन वेळा विचारलं. कागद डेव्हलपरच्या थाळीत गेला. "उनी का?" आबा विचारत होते. आधी घोडा आला, मग पदर, मग भिरभिरं. "तोंड उनं का?" मी म्हटलं, आलं. बाहेर काकू दाराला कान लावून उभ्या होत्या, त्या तिथूनच म्हणाल्या, "देवा, पाव रे बाबा."

मग मोबाइल डब्यातून बाहेर काढायची परवानगी मिळाली. ही आबांची आयुष्यातली सर्वांत मोठी शरणागती. माझ्या वर्गात गुजर समाजातली एक मुलगी होती, तिच्याकडे फोटो पाठवला. तिने तो मावश्या, आत्या, मामा अशा घराघरांच्या ग्रुपवर टाकला. मी संध्याकाळची भाजी निवडत होते तोवर उत्तर आलं. ब्राह्मणपुरीहून. कुणीतरी लिहिलं होतं, "ही आमची काकी. कडेवर आमचा दादा आहे. हा फोटो तुमच्याकडे कसा?"

शहाद्यापर्यंत आम्ही एसटीने गेलो आणि पुढे रिक्षाने. दोन्ही बाजूंना केळी आणि ऊस. आबांनी नवा सदरा घातला होता आणि वाटभर ते पिशवी छातीशी धरून होते. नव्या प्रिंटच्या दोन प्रती पुठ्ठ्यात ठेवल्या होत्या. जुनं पाकीटही पिशवीत होतं, कारण ते नसतं तर पिशवीचं वजन त्यांना चुकल्यासारखं वाटलं असतं.

घर पक्कं होतं, पुढे ट्रॅक्टर. फोटोतलं मूल आम्हाला घ्यायला दारात आलं. त्याच्या मिशा पांढऱ्या झाल्या होत्या. पडवीत खाटेवर ती बसली होती. केस विरळ झालेले, पदर मात्र तसाच, उजव्या खांद्यावरून. आबा तिच्यापुढे उभे राहिले आणि हात जोडले.

"ताई, उशीर व्हयना," ते म्हणाले.

तिने त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "जत्रामाधला तू?" ती म्हणाली. "पराया मानूसजोडथून फोटू काढा म्हनीसन सासू दोन दिन बोलनी नई मन्हासंगे. अबोला सोसा आनि फोटू भी नई उना. मी म्हनं, हाऊ भी काढीसन गया."

आबांनी मान खाली घातली. मला वाटलं आता काहीतरी सबब सांगतील, खोकं, चूल, उलटी निगेटिव्ह. त्यांनी काहीही सांगितलं नाही. पुठ्ठ्यातून नवा फोटो काढला, कडेला धरला आणि तिच्या हातात दिला. मग एकच डोळा बारीक करून ते अगदी जवळ वाकले. खिडकीमागे जन्मभर न वाकलेला माणूस.

तिने फोटो पाहिला. लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला. तिच्या चेहऱ्यावर काही हललं नाही.

"हाई कोन शे?" ती म्हणाली.

"आई, तूच," मुलगा म्हणाला.

"मी नई. मन्ही बहीणसारखी दिसस. पन मी नई."

एवढं सगळं होऊन पुन्हा चुकीची बाई? मुलगा हसत होता, अगं तूच, हा बघ मी, हे बघ तुझं गोंदण. ती ऐकत नव्हती. आबा जागचे हलले नाहीत, पण पिशवीच्या बंदावर त्यांचा हात आवळला गेला, आणि तिची नजर त्या हाताकडे गेली.

"थैलीमा काय शे, भाऊ?"

"काही नई, ताई. त्या चुकेल शेतस."

"दाखाड."

आबांनी ते पाकीट काढलं. इतक्या वर्षांच्या हाताळणीने मऊ पडलेलं. त्यातली एक प्रत त्यांनी नाइलाजाने पुढे केली. तिने ती घेतली मात्र, आणि तोंडाला पदर लावला. आधी ती हसतेय असं मला वाटलं. मग दिसलं की हसतही होती आणि डोळेही पुसत होती.

"हाई! हाई मी शे," ती म्हणाली.

"आई, ती उलटी छापलीय," मुलगा समजावू लागला, "पदर बघ कुठे गेलाय. खरी ही."

"तुले काय मालूम?" म्हातारीने त्याला गप्प केलं. "तू मले देखस. मी मले आरसामा देखस. माहेरथून फनीना डबा आना व्हता, त्याना झाकनमा आरसा. त्यामा मी अशीच दिसू." आणि चुकलेला फोटो तिने दोन्ही हातांनी, अगदी कडेला धरून, छातीशी लावला. कडेला धरायचं तिला कुणी शिकवलं नव्हतं.

मुलाने सरळ फोटो ठेवून घेतला, त्याची आई त्यात होती. तिने उलटा ठेवला, ती स्वतः त्यात होती. आबांच्या पाकिटात पहिल्यांदा एकच प्रत उरली. ते तिच्या चेहऱ्याकडे बघत होते, एका डोळ्याने, पापणी न लववता, जेवढं दिसत होतं तेवढं सगळं.

"छान," आबा म्हणाले.

मी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्याही लक्षात आलं. ते सावकाश सरळ झाले, सदऱ्याच्या बाह्या वर केल्या आणि चाचपडत आतल्या दाराकडे निघाले.

"ताई," त्यांनी विचारलं, "चहानं पातेलं कोठे शे?"